काळ्या तेलाची काहील

माझं शिक्षण चौथीपर्यंत. मोटारीच्या तेलात काय काय असतं ते मला सांगता येणार नाही. ते कसं शिजवायचं तेवढं माहीत आहे, कारण दोन वर्षं मी त्या कामात होते.

दुसऱ्या लढाईचा काळ होता. आमचं गाव नगरहून श्रीगोंद्याकडे जाणाऱ्या रस्त्याला. माझं सासर गुळव्याचं. जमीन होती, बैल होते, पण सासऱ्यांना लोक ओळखत ते गुळासाठी. उसाचा रस काहिलीत उकळायचा आणि तो नेमका कधी उतरवायचा ते सांगायचं, हे त्यांचं काम. घडीभर लवकर उतरवला तर गूळ पातळ राहतो, उशीर झाला तर करपतो. चार-पाच गावांतून त्यांना बोलावणं यायचं आणि तिथं गेले की शेतमालकसुद्धा त्यांच्या शब्दाबाहेर जात नसे. मी त्यांना मामंजी म्हणायची.

आमच्या मळ्याच्या कडेला गुऱ्हाळाची कायमची जागा होती. जमिनीत खणलेली भट्टी, तिला चुलवाण म्हणतात. तिच्यावर चार माणसं आत बसून जेवतील एवढी लोखंडी काहील. एका बाजूला उतरता खड्डा, त्यात बसून जाळ घालायचा. पण सगळा ऊस साखर कारखान्याकडे जाऊ लागला. गाडी भरून दिली की शेतकरी मोकळा. रात्रंदिवस रस कोण उकळत बसणार? दोन हिवाळे चुलवाण पेटलं नाही. काहील उपडी पडली होती आणि तिच्याखाली कोंबड्या अंडी घालत होत्या.

थोरल्या दिरांना ती जागा डोळ्यांत सलत होती. एके दिवशी जेवताना ते म्हणाले, "आबा, चुलवाण बुजवू. जागा नांगरून घेतो. भुईमूग तरी हुईल. आन् मी कारखान्यात लागतो."

मामंजींनी घास खाली ठेवला. "आन् मी काय करू?"

"तुमी बसा की आता. लई केलं."

"बसून काय करू?"

दिरांनी पुढची भाकरी ओढली. मामंजी म्हणाले, "दसऱ्यापस्तोर थांब. तवर चुलवाण पेटलं न्हाई तर घाल नांगर. मी आडवा येनार न्हाई."

चुलवाणावर शिजवायला काही नव्हतं हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. मामंजींनाही. ती जागा गेली की घरात ते दोन वेळा जेवणारं एक म्हातारं माणूस उरणार होते. आमच्या गावात अशी म्हातारी माणसं पारावर बसलेली असत आणि कुणी त्यांना काही विचारत नसे. मामंजींना कशाची भीती वाटत असेल तर ती त्याची.

त्याच वर्षी वंगणाची टंचाई झाली. गाडीचं चाक आखावर फिरतं, तिथं वंगण लागतं. एरंडेलात जळक्या चिंधीची काजळी खलून ते घरीच करत. ते बांबूच्या नळ्यात भरून नळा गाडीखाली टांगायचा. एरंडेल मिळेनासं झालं. लढाईला लागतं म्हणत, खरं-खोटं मला माहीत नाही. लोकांनी कोरफडीचा गर घातला, खवट लोणी घातलं. एकानं पिकलेली केळी कुस्करून घातली आणि त्याच्या चाकाला मुंग्या लागल्या. गाड्या अशा कुरकुरत की वेशीत आलेली गाडी कुणाची ते चुलीपाशी बसून कळायचं. आख झिजले. एकाचा आख उसाची भरली गाडी घेऊन भर रस्त्यात मोडला आणि बैलाचा पाय गेला.

आमचे हे नगरला लष्कराच्या मोटार-शेडमध्ये खलाशी, म्हणजे हाताखालचे मजूर, होते. आठवड्याला एकदा घरी यायचे. कपड्यांना काळा वास. एकदा जेवताना हे सांगू लागले की मोटारीचं जुनं तेल काढून टाकतात, आणि तेलाच्या मोठ्या टाक्या घासल्या की तळाशी घट्ट गाळ निघतो. ते सगळं मुरमात खड्डा खणून ओततात. खड्डा भरला की दुसरा खणायचा. खणून खणून यांच्या हाताला फोड आले होते.

मामंजी एकदम म्हणाले, "कशागत दिसतं ते?"

"तेल?"

"गाळ. कशागत दिसतो?"

ह्यांनी विचार केला. "काकवीगत."

काकवी म्हणजे गूळ होण्याआधीचा घट्ट पाक. हे दुसरं काही बोलले असते तर पुढचं काही झालं नसतं. मामंजी जेवणावरून उठले, हात धुतला आणि म्हणाले, "घेऊन ये."

"आबा, त्यो घान माल हाय. त्यात पानी, माती, लोखंडाचा कीस, समदं हाय."

"उसाच्या रसात काय असतं? मळीच असती. तीच तर काढायची."

शेडमधला हवालदार खूश झाला. खड्डा खणायचा वाचला. आमची गाडी नगरला जाऊन दोन पिंपं घेऊन आली. बैलांनी सगळ्या वाटेत माना एका बाजूला वळवून ठेवल्या होत्या. सासूबाई दारातच उभ्या राहिल्या. "घराकडं आनू नगा. तिकडं मळ्यातच मरू द्या."

काहिलीवरून मात्र भांडण झालं. आमच्यात हंगामाचा पहिला गूळ देवाला ठेवत. सासूबाईंचं म्हणणं, त्या काहिलीत हे शिजवायचं नाही. मामंजी म्हणाले, "दुसरी काहील हाय का? आन् तेलबी रसच हाय. उसाचा न्हाई, भुईचा."

"भुईचा रस व्हय? मग प्या एक तांब्या."

मी तोंडाला पदर लावला. मामंजींनी बघितलं आणि पिंपाकडे वळले.

मजूर ठेवायची ऐपत नव्हती, म्हणून जाळ घालायला मी. चिपाडाचा ढीग दोन वर्षांचा पडून होता, वाळून कडकडीत झाला होता, भुरकन पेटायचा. खड्ड्यात बसलं की काहिलीतलं काही दिसत नाही. तोंडासमोर भट्टी, डोक्यावर काहिलीची कड. वरून गुळवा सांगेल तसा जाळ वाढवायचा नि ओढायचा. सकाळची वेळ होती. मामंजींनी काहिलीला हळदकुंकू लावलं, मग काय वाटलं कोण जाणे, पंचाच्या टोकानं पुसून टाकलं. दोन्ही पिंपांतला वरचा माल काहिलीत ओतला. तळाचा जड माल पिंपात राहिला.

"वाढव," मामंजी म्हणाले.

मी वाढवला. थोड्या वेळानं वरून आवाज यायला लागला. तडतड, तडतड. मला तो ओळखीचा वाटला, पण कशाचा ते लगेच सुचलं नाही. मामंजी आवाजाकडे लक्षच देत नव्हते. गुळवा डोळ्यांनी काम करतो. बुडबुडा केवढा आहे, फेस कोणत्या रंगाचा आहे, पळीवरून धार कशी पडते, हे तो बघतो.

फेस चढू लागला. रस उतू जायला लागला की गुळवे दोन गोष्टी करतात. आधी तेलाचे चार थेंब टाकतात, फेस खाली बसतो. मामंजींनी करंजीचं तेल टाकलं. फेस बसला नाही. मग दुसरी गोष्ट. थंड कच्चा रस वरून ओततात, उकळी दबते. चाळीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं. त्यांनी पिंपाच्या तळातला थंड गाळ बादलीभर घेतला आणि काहिलीत ओतला.

त्या तळातच सगळं पाणी होतं.

मला वर धप्प असा आवाज आला आणि खड्ड्यात अंधार झाला. काहील सगळ्या बाजूंनी उतू गेली होती. काळा फेस कडेवरून भट्टीच्या तोंडात पडला आणि पेटला. मी मागच्या मागे चढून बाहेर पडले. डाव्या पायावर थोडं सांडलं, डाग अजून आहे. वर आले तर काहील पेटलेली आणि मामंजींचा उजवा हात कोपरापर्यंत काळा. ते ओरडत नव्हते. काहिलीकडे बघत उभे होते.

शेजारचे लोक धावले. एकानं विहिरीवर मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यातून बादली भरून आणली आणि आगीवर फेकली. जाळ बाभळीच्या शेंड्याएवढा उठला आणि त्याच्या पागोट्याचं टोक जळलं.

"पानी नगं, मुडद्या!" सासूबाई लांबून ओरडत आल्या. "माती टाक, माती!"

सगळ्यांनी मिळून माती टाकली. आग विझायला सकाळ गेली. मामंजींच्या हाताला कोरफड लावून कापड गुंडाळलं. त्या हातानं ते महिनाभर काही धरणार नव्हते.

संध्याकाळी दीर आले. त्यांनी जळकी जागा बघितली, काहिलीला पायानं टोचलं. "झालं समाधान? धाकलीला जाळली असती."

मामंजी म्हणाले, "दसरा कवा हाय?"

"वीस दिवस. का?"

"मग वीस दिवस हायेत."

दीर निघून गेले. त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. जळाले असते ती मीच.

दुसऱ्या दिवशी सासूबाई लोणी कढवत होत्या. मी भाकऱ्या थापत होते. पातेल्यातून तडतड आवाज येत होता आणि माझा हात थांबला. तोच आवाज. लोण्यात ताक असतं. ते जळेपर्यंत तडतडतं. ताक जळलं की आवाज बंद, मग तूप झालं, मग खाली घ्यायचं. हे बघून कळत नाही, ऐकून कळतं. प्रत्येक बाईला येतं. आणि कढत्या तुपात पाण्याचा एक थेंब पडला तर काय होतं, तेही प्रत्येक बाईला माहीत असतं.

मी म्हणाले, "आत्याबाई, काल असंच वाजत हुतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पातेल्याकडे. पातेलं उतरवलं आणि पदर खोचून सोप्यात गेल्या. मामंजी हात उशीवर ठेवून पडले होते.

"अवं, आईकलं का? ते रस न्हाई. ते लोनी हाय."

"काय?"

"लोनी, लोनी. तुमी तुपात कच्चं लोनी ओतलं, पान्यासकट. आमी असं केलं असतं तर सासूनं डाव तोंडावर मारला असता."

मामंजी उठून बसले. मग मला म्हणाले, "धाकले, तू खाली हुतीस. जाळ घातल्यापासून वाजत हुतं का मागनं लागलं?"

तोवर कामातलं काही त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं, सांगितलंच होतं. मी सांगितलं, "पहिल्यापासून. आन् तुमी बादली ओतली तवा थांबलंच नव्हतं."

"मग सांगितलं का न्हाई?"

"तुमाला दिसत आसंल वाटलं."

ते "हं" म्हणाले. राग नव्हता त्यात.

यानंतर आम्ही लोण्याचीच रीत धरली. हे पुन्हा चार पिंपं घेऊन आले. ती आठ दिवस उन्हात उभी ठेवली. ऊन लागलं की माल पातळ होतो आणि पाणी खाली बसतं. पिंपाच्या बुडाशी भोक पाडून लाकडी बूच मारलं होतं, ते काढून पाणी सोडून द्यायचं. काळं, तवंगाचं पाणी. ते आम्ही ओढ्यात सोडत होतो. त्या वर्षी ओढ्यातले खेकडे मेले. आम्हाला तेव्हा त्यात काही चुकीचं वाटलं नाही. मग गोणपाटातून माल गाळायचा, म्हणजे वाळू नि लोखंडाचा कीस वर राहतो. काहील निम्मीच भरायची. जाळ तूप कढवताना ठेवतो तसा मंद.

मामंजींचा हात बांधलेला, त्यामुळे ढवळायला मी. जाळावर जाऊबाई आणि आवाज ऐकायला सासूबाई. मामंजी कडेला दगडावर बसले. आयुष्यात पहिल्यांदा चुलवाणावर त्यांचं काही चालत नव्हतं.

"फेस पिवळा पडला का?" ते विचारायचे.

"पिवळा न् निळा काय करायचाय? वाजतंय अजून," सासूबाई.

"जाळ वाढव थोडा."

"वाढवू नगं गं. त्यांचं आइकू नगं."

"मी गुळव्या हाय का तू?"

"गूळ आसंल तवा तुमी."

तिसऱ्या प्रहरी तडतड कमी होत होत बंद झाली. सासूबाईंनी कान काहिलीकडे केला, हात वर केला. "झालं."

आता काहिलीत काळं, शांत, पाण्यासारखं पातळ तेल होतं. एवढं करून ते चाकाला घातलं असतं तर वाटेतच गळून गेलं असतं. मला वाटलं, संपलं सगळं. पण मामंजी उठले. रसातली मळी वर यावी म्हणून गुळवे चुन्याची निवळी घालतात. त्यांनी चुना मागितला. सासूबाई म्हणाल्या, "पुन्हा गूळ करायला लागले."

"चुना दे. निवळी न्हाई, कोरडी पूड. आन् करंजीचं तेल."

चुना विरवून, वाळवून चाळला होता. त्यांनी डाव्या हातानं करंजीचं तेल ओतलं, बरंच ओतलं, मग चुन्याची पूड चिमटीनं सोडू लागले. मी ढवळत होते. पहिल्यांदा काही नाही. मग उलथणं जड लागू लागलं. मी म्हणाले, "मामंजी, दाट हुतंय." त्यांनी पळीवरून धार सोडून बघितली. धार तुटली, मग पळीलाच लोंबली. ते अजून चिमटी सोडत राहिले आणि एका क्षणी म्हणाले, "बस. जाळ ओढा."

इथं मात्र त्यांच्या डोळ्याशिवाय कुणाला कळलं नसतं. नंतर मी पुष्कळदा करून बघितलं. माझं कधी पातळ राहायचं, कधी गुठळ्या व्हायच्या. ऐकणं आमचं, उतरवणं त्यांचं, अशी वाटणी पुढं दोन वर्षं राहिली.

निवल्यावर ते लोण्याएवढं घट्ट झालं. मामंजींनी एक गोळा फरशीच्या दगडावर उन्हात ठेवला आणि दुपारभर त्याच्यासमोर बसून राहिले. गोळा वितळला नाही.

पहिला गाडीवान आला तो शेजारच्या वाडीचा. म्हातारा, तिरकस बोलणारा. "काय गुळवे, आता गाडीला गूळ चारता व्हय?"

"चारून बघ."

"चाक पळून गेलं म्हंजी?"

"मागं लाग त्याच्या. तेवढाच तुला व्यायाम."

त्यानं बोटावर घेऊन वास घेतला आणि बोट पागोट्याला पुसलं. चाकं काढून आखाला वंगण भरलं आणि श्रीगोंद्याला बाजाराला गेला. दुसऱ्या दिवशी परत आला. गाडी अंगणात येऊन उभी राहिली तरी आम्हाला घरात कळलं नाही. तो दारातून म्हणाला, "गुळवे, बैल बिचकाय लागले राव. मागं गाडी हाय का न्हाई म्हनून वळून बघत्यात."

दसऱ्याला दीर नांगर घेऊन मळ्यात गेले, पण चुलवाणाच्या बाजूला गेले नाहीत. तिकडं सात गाड्या उभ्या होत्या.

मग तेच काम. उसाच्या गाड्या चालू झाल्या की लांबून लोक यायचे. वंगणाच्या बदल्यात कुणी ज्वारी घालायचं, कुणी कडबा टाकायचं. मामंजींचा हात बरा झाला, बोटं मात्र पुरती मिटत नव्हती. लोक त्यांना पुन्हा "गुळवे, उतरवायचा का?" असं विचारू लागले. ते कामापुरतं विचारायचे, पण मामंजींची पाठ सरळ झाली. दीर कारखान्यात लागले ते लागलेच.

गोणपाटात उरलेला चोथा आम्ही टाकत नव्हतो. तो तापवून गोठ्याच्या लाकडी मेढींना जमिनीपासून हातभर फासला, त्या वर्षीपासून वाळवी लागली नाही. गावानं बघितलं आणि चोथासुद्धा नेऊ लागले. अगदी शेवटचा घट्ट गाळ वाळूत कालवून गोठ्यापुढच्या चिखलात टाकला, तो दगडासारखा बसला.

माझे हात काळे झाले. राख लावली, चिंच लावली, रेघांतलं काळं निघालं नाही. जाऊबाई माझ्या हातची भाकरी बाजूला सारायच्या. "हिच्या भाकरीला मोटारीचा वास येतो. दोन खाल्ल्या की हॉर्न वाजंल." मी म्हणाले, "मग तुमीच करा." त्यांनी चार दिवस केल्या आणि पुन्हा माझ्या खाऊ लागल्या. माहेरी गेले तेव्हा आईनं हात बघितले आणि नुसतं विचारलं, "जेवाय घालतात ना?" मी हो म्हणाले. तेवढ्यावर ते संपलं.

लढाई संपली. शेडमधल्या मोटारी कमी झाल्या, ह्यांची नोकरी गेली आणि गाळ यायचा थांबला. एरंडेल पुन्हा मिळू लागलं. दीर सुट्टीला आले होते. त्यांनी नांगराचा विषय काढला नाही. मामंजींनीच काढला. म्हणाले, "आता पुन्हा गूळ करू. लोक इचारत्यात."

कुणी विचारत नव्हतं. पण त्यांनी पाटाकडेचा ऊस कारखान्याला जाऊ दिला नाही. काहील आठ दिवस घासली. राख, चिंच, विटकरीचा चुरा. आत शेणी रचून जाळल्या. लोखंड नव्यासारखं दिसू लागलं. सांध्यांना जिथं रिबिटी मारलेल्या असतात तिथं मामंजी बाभळीच्या काट्यानं कोरत बसायचे.

पहिला रस पडला. आम्ही सगळे तिथं होतो. मामंजींनी तेलाचे चार थेंब टाकले, फेस बसला. मळी काढली. पाण्यात थेंब टाकून गोळी करून बघितली आणि "उतरवा" म्हणाले. त्या दिवशी त्यांचा आवाज लांब विहिरीपर्यंत ऐकू गेला असेल. गूळ वाफ्यात, निवायच्या खळग्यात, ओतला. रंग सोन्यासारखा आला होता, त्यात खोट काढायला जागा नव्हती.

गरम गुळाची पहिली चिमूट गुळव्याची. मामंजींनी तोंडात टाकली, डोळे मिटून चघळली. "चांगला झालाय," ते म्हणाले. "लई चांगला."

मग आम्ही घेतला. जिभेवर ठेवल्या ठेवल्या वास आला. सांध्यांतून उतरला होता. गोड लागत होतं आणि त्याच्यामागून मोटार-शेड. जाऊबाईंनी पलीकडे जाऊन थुंकलं. दीर नुसते चघळत राहिले.

मामंजी एकेकाकडे बघत होते. "का? काय झालं?"

सासूबाईंनी तोंडातला गूळ हातावर काढला. "वास येतोय."

"कसला?"

"त्या तेलाचा. तुमाला न्हाई येत?"

मामंजींनी दुसरी चिमूट घेतली. हुंगली, तोंडात टाकली, पुन्हा हुंगली. मग मला म्हणाले, "धाकले, तुला येतो?"

माझे हात अजून काळे होते. तरी मला येत होता. मी म्हणाले, "येतो, मामंजी."

"लई?"

"लई."

त्यांनी तिसरी चिमूट घेतली. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. शेवटी त्यांनी मान हलवली. त्यांना काही येत नव्हतं. दोन वर्षं रोज त्या वाफेवर तोंड धरून त्यांचं नाक गेलं होतं आणि त्या दिवसापर्यंत ते त्यांना कळलं नव्हतं, आम्हालाही नाही.

दीर म्हणाले, "आबा, काहिलीचा दोष हाय. नवी आनू. मी बघतो कारखान्याकडनं कुठं मिळती का."

जागा नांगरायला निघालेले तेच हे दीर. खरंच आणली असती त्यांनी.

"काहील नवी आनशील," मामंजी म्हणाले. "रस करपाय लागला तर मला आता कसं कळंल?"

"डोळं हायेत की."

"डोळ्यानं करपल्यावर दिसतं. वास आधी येतो." त्यांनी पळी धुऊन पालथी ठेवली. "उद्या सकाळी बैल घेऊन ये. मी चुलवाणाच्या इटा काढून ठिवतो."

तो गूळ बैलांना घातला. त्यांनी खाल्ला.

सकाळी दीर नांगर घेऊन आले. चुलवाणाभोवतीची माती काळी, चिकट झाली होती. फाळाला बसायची आणि नांगराचा तास, म्हणजे चर, निघायचा नाही. दर दहा पावलांवर थांबून फाळ खरवडावा लागे. खरवडायचं काम मामंजींनी घेतलं. बोटं मिटत नव्हती, म्हणून विळा दोन्ही हातांत धरून खरवडत होते. दीर म्हणाले, "आबा, तेवढा तुकडा सोडून देऊ. तसंबी काय उगवनार न्हाई तिथं."

"उगवू न्हाईतर न उगवू," मामंजी म्हणाले, "तास सरळ घे."